कॅलिफोर्निया रोलचं सर्टिफिकेट कोणी कोणाला द्यायचं?

माझा मावसभाऊ व्हँकूव्हरला असतो आणि मी लॉस एंजेलिसच्या जवळ, चौदा वर्षं झाली आता. मागच्या डिसेंबरात तो बायको-मुलांना घेऊन आला तेव्हा मुलांच्या हट्टापायी घरीच सुशी करायचं ठरलं. मी ओट्याशी उभी राहून पहिला रोल वळत होते, हा शेजारी काकडी चिरत होता, आणि चिरता चिरता म्हणाला, ताई, नावात कॅलिफोर्निया असलं ना तरी हा रोल आमच्या व्हँकूव्हरचा आहे बरं का, तोजो म्हणून शेफ आहेत त्यांनी काढलाय, जपान सरकारने पण मान्य केलंय. मी म्हटलं अजिबात नाही, हा इथल्या लिटिल टोकियोमधला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीतला, साठच्या दशकातला. झालं, भात पार गार झाला तरी आमचं संपेना.

त्यानंतर या विषयावर मिळेल तेवढं वाचत गेले आणि आता माझं एक मत पक्कं झालंय. पदार्थ कुठे जन्मला हे ठरवायचं काम आपण चुकीच्या लोकांवर सोपवलंय. सरकारी सन्मान, टुरिझमवाले, बातम्या देणारे, सगळे मिळून एक नाव पक्कं करून टाकतात आणि त्या नावाच्या आजूबाजूला जे उभे होते ते हळूहळू दिसेनासे होतात. असा दावा करायचा तर तारीख घातलेला कागद दाखवावा, आणि कागद नसेल तर जेवढी नावं पुढे येतात तेवढी सगळी शेजारी शेजारी लिहावीत. यात कुठल्याही सरकारने शिक्का मारू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता आधी तो रोल नीट बघूया, कारण सगळा वाद त्याच्या घडणीतच आहे. आपली अळूवडी आठवा. पान बाहेर, पीठ आत, गुंडाळी करायची, वाफवायची, कापायची. जपानमधला नेहमीचा मकी रोल असाच असतो, बाहेर नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ काळा तुकडा, आत भात आणि मधोमध मासा किंवा काकडी. कॅलिफोर्निया रोलमध्ये हे उलटं केलंय, जणू अळूचं पान आत आणि पीठ बाहेर. करताना बांबूच्या चटईला प्लॅस्टिकची फिल्म लावायची नाहीतर भात चटईच्या फटींत अडकतो, मग नोरीचा अर्धा तुकडा ठेवायचा, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने हात ओले करायचे (थालीपीठ थापताना करतो तसेच) आणि भात दाबत न बसता बोटांच्या टोकांनी पसरत जायचा. वर तीळ भुरभुरायचे आणि अख्खा तुकडा झटकन पालथा करायचा, भात खाली नोरी वर. मग त्या काळ्या बाजूवर खेकड्याचं मांस, अ‍ॅव्होकाडोचे काप, काकडी, आणि गुंडाळी. तो पालथा करायचा क्षण फार नाजूक असतो, माझा पहिला रोल तिथेच फाटला. पण त्या एका पलटीमुळे खाणाऱ्याला काळं शेवाळ दिसत नाही, पांढरा भात दिसतो, आणि साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी आयुष्यात कधी शेवाळ खाल्लं नव्हतं अशा अमेरिकन आणि कॅनेडियन लोकांसाठी ती पलटी फार मोठी गोष्ट होती.

म्हणजे यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, खेकडा आणि अ‍ॅव्होकाडोची जोडी, भात बाहेर काढायची युक्ती, आणि ते नाव. भांडणारे लोक या तिन्ही एकाच माणसाच्या पदरात घालायला बघतात, आणि इथेच गडबड होते.

लॉस एंजेलिसची बाजू अशी. लिटिल टोकियोमध्ये तोक्यो काइकान नावाचं रेस्टॉरंट होतं, तिथे इचिरो माशिता हे सुशी शेफ होते आणि त्यांच्या हाताखाली तेरुओ इमाइझुमी. टूना माशाचा पोटाकडचा चरबीवाला भाग, ज्याला तोरो म्हणतात, तो जपानी गिऱ्हाइकाला हवाच असतो, पण इथे तो वर्षभर मिळत नव्हता. मग तोंडात तसंच लोण्यासारखं विरघळणारं काय आहे याचा शोध सुरू झाला आणि बाजारात ढिगाने मिळणाऱ्या अ‍ॅव्होकाडोवर नजर पडली. अ‍ॅव्होकाडो आणि खेकडा एकत्र केल्यावर ती स्निग्ध चव जमली. सुरुवातीला नोरी बाहेरच होती, लोक ती सोलून टाकायचे म्हणून नंतर रोल उलटा झाला असं सांगतात. याच शहरातल्या किन जो नावाच्या दुसऱ्या रेस्टॉरंटचे शेफ केन सेउसा यांचंही नाव १९७९च्या एका बातमीत आलंय. म्हणजे एका शहरातच दोन दावे.

व्हँकूव्हरची बाजू हिदेकाझु तोजो यांची. कागोशिमामध्ये जन्मलेले, ओसाकामध्ये शिकलेले, १९७१ साली व्हँकूव्हरला आले. ते सांगतात की इथल्या लोकांना शेवाळ आवडायचं नाही, कच्चा मासा तर नकोच, म्हणून मी शेवाळ आत लपवलं, शिजवलेला खेकडा घातला, त्याला तोजो-मकी म्हणायचो, आणि लॉस एंजेलिसहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो इतका आवडला की त्याचं नाव कॅलिफोर्निया पडलं.

माझं मत विचाराल तर जोडी आणि नाव या दोन गोष्टी मी लॉस एंजेलिसला देईन. मी इथे राहते म्हणून म्हणत नाहीये, त्यामागे कारण आहे. अ‍ॅव्होकाडो दक्षिण कॅलिफोर्नियात घरोघरच्या परसात लागतो, आज जगभर जो हास जातीचा अ‍ॅव्होकाडो खातात त्याचं मूळ झाड इथल्याच ला हाब्रा हाइट्समध्ये रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या जागेत उगवलं. सुशीसाठी इथले जपानी लोक जो तांदूळ वापरायचे तो कॅलरोझ, तोही १९४८मध्ये कॅलिफोर्नियातच काढलेला. हाताशी जे आहे त्यातून पदार्थ होतो, आणि या रोलमधलं जवळपास सगळं याच मातीतलं आहे. काळाच्या हिशोबानेही माशितांचं काम साठच्या दशकातलं सांगतात, तोजो कॅनडात पोचले १९७१मध्ये. पण म्हणून तोजो खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही, कोणी म्हणूही नये. समोरचं गिऱ्हाईक काळं शेवाळ सोलून ताटात काढून ठेवतंय हे रोज बघणाऱ्या कुठल्याही हुशार शेफला रोल उलटा करायचं सुचू शकतं, दोन शहरांत दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतं. भात बाहेर काढायची युक्ती त्यांची स्वतःची असणं मला अगदी शक्य वाटतं. नावाची त्यांची गोष्ट मात्र पटत नाही, कारण आपल्या पदार्थाला आपण आपलं नाव दिलेलं असताना ते जाऊन परगावच्या गिऱ्हाइकांच्या राज्याचं नाव जगभर पसरलं, हे मानायला काहीतरी कागद हवा.

आणि कागदाचीच तर बोंब आहे. या रोलचे जुन्यातले जुने म्हणून जे छापील उल्लेख दाखवतात ते १९७९चे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या गोष्टी घडल्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मधल्या काळातल्या आठवणी आहेत, मुलाखती आहेत, पण हा बघा तारखेसकट मेनू असं म्हणून कोणी टेबलावर ठेवत नाही.

मग २०१६ साली जपानच्या कृषी, वन आणि मत्स्य मंत्रालयाने तोजोंना जपानी खाद्यसंस्कृतीचे सदिच्छादूत केलं. हा सन्मान पूर्णपणे योग्य होता, त्या माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं एका शहराला जपानी जेवण खायला शिकवलंय. पण बातम्यांमध्ये त्याचं काय झालं बघा, कॅलिफोर्निया रोलच्या जनकाला जपानचा सन्मान असे मथळे आले, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं की सरकारने निकाल दिला. माझ्या मावसभावाने ओट्याशी उभं राहून जे सांगितलं ते हेच. मंत्रालयाने ना कोणाची साक्ष काढली होती ना लॉस एंजेलिसवाल्यांना विचारलं होतं, त्यांनी एका शेफला त्याच्या कामासाठी मान दिला होता. कौतुकाचा कागद पुराव्याचा कागद होऊन बसला.

याच मंत्रालयाची त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट तर अजून बोलकी आहे. २००६मध्ये तेव्हाचे कृषीमंत्री तोशिकात्सु मात्सुओका अमेरिकेत कोलोराडोला गेले असताना एका जपानी म्हणवणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये सुशीबरोबर कोरियन बार्बेक्यू पण मिळतं हे बघून अस्वस्थ झाले, आणि परदेशातल्या जपानी रेस्टॉरंटांना अस्सल असल्याचं सर्टिफिकेट द्यायची योजना निघाली. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याला सुशी पोलीस म्हटलं, बराच गदारोळ झाला आणि योजना मवाळ करावी लागली. तेव्हा अस्सलपणाची जी फूटपट्टी लावायचं चाललं होतं तिच्यावर कॅलिफोर्निया रोल कुठे बसला असता? आणि दहा वर्षांनी ज्या शेफचा गौरव झाला त्याची सगळ्यात मोठी ओळख हाच रोल. मंत्री बदलले, धोरण बदललं, ते बदलणारच, सरकारं अशीच असतात. म्हणून तर पदार्थाच्या जन्माचा निकाल त्यांच्या हातात नको.

निकाल घाईने लावला की काय होतं याचं एक खरं उदाहरण आहे आणि तेही लिटिल टोकियोशी जोडलेलं. फॉर्च्युन कुकी, अमेरिकेतल्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये बिलाबरोबर मिळतं ते दुमडलेलं बिस्किट, आत भविष्याची चिठ्ठी. त्यावर सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस दोघांचा दावा. १९८३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कोर्ट ऑफ हिस्टॉरिकल रिव्ह्यू म्हणून जो हौशी न्यायालयाचा उपक्रम चालायचा तिथे हा खटला चालला आणि निकाल अर्थातच सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने लागला. पुढे यासुको नाकामाची नावाच्या जपानी अभ्यासक बाईंनी कित्येक वर्षं चिकाटीने शोध घेतला आणि त्यांना १८७८च्या एका जपानी पुस्तकात चित्र सापडलं, एक माणूस निखाऱ्यांवर लोखंडी साचे धरून तशीच बिस्किटं भाजतोय. क्योतोमधल्या फुशिमी इनारी देवळाच्या परिसरातली दुकानं ती अजून करतात. म्हणजे ती मुळात जपानी. मग चायनीज कशी झाली? त्यात दुसऱ्या महायुद्धाचा मोठा हात आहे. १९४२मध्ये अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार, दुकानं, भट्ट्या सोडायला लावून छावण्यांमध्ये डांबलं. लिटिल टोकियो रिकामं झालं. बिस्किटं करणारे जपानी हात तारांच्या कुंपणाआड गेले आणि धंदा चिनी-अमेरिकन लोकांकडे गेला.

हे मी मुद्दाम सांगतेय. माशिता आणि इमाइझुमी ज्या गल्ल्यांमध्ये रोल वळत होते तिथल्या लोकांना कैदेतून परत येऊन तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती. अशा वस्तीत कोण मेनूकार्डं जपून ठेवणार, कोण फोटो काढून ठेवणार, रोजचं दुकान चालवायचं की इतिहास लिहायचा? कागद नाहीत याचा अर्थ घडलं नाही असा घ्यायचा नसतो. कोणाकडे कागद उरले आणि कोणाकडे नाही हे सुद्धा इतिहासानेच ठरवलेलं असतं, त्यामुळे ज्याचा आवाज आज पोचतो त्याच्या हातात ट्रॉफी देऊन मोकळं होणं मला फार अन्यायाचं वाटतं.

अस्सल जपानी म्हणजे काय हा प्रश्न पण एकदा धसास लावला पाहिजे, कारण कॅलिफोर्निया रोलला नाक मुरडणारे खूप आहेत आणि त्यात भारतीयही खूप. सुशी मुळात मासे टिकवायची पद्धत होती, मासे मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवायचे आणि भात फेकून द्यायचा, बिवा तलावाकाठची फुनाझुशी आजही तशी करतात, आणि ही पद्धत जपानच्या बाहेरून, आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशातून आली असं अभ्यासक मानतात. आज आपण जिला सुशी म्हणतो ती भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली निगिरी एदो म्हणजे जुन्या टोकियोत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावरचं झटपट खाणं म्हणून आली, त्याचं श्रेय हानाया योहेईला देतात आणि त्यावरही वाद आहेच. टेम्पुरा पोर्तुगीजांकडून आलं. हे पोर्तुगीज १५४३मध्ये जपानला पोचले, आणि त्यांचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं होतं आपलं गोवा, फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९मध्ये कागोशिमाला उतरला, तोजोंच्या जन्मगावच्या किनाऱ्याला. जपानीत ब्रेडला पान म्हणतात आणि आपण पाव म्हणतो, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. आपला बटाटा हा शब्द पण त्यांचाच. मग त्याच बटाट्याचा वडा त्याच पावात घालून दादर स्टेशनबाहेर विकला गेला, १९६६ साल सांगतात, अशोक वैद्यांचं नाव घेतात, त्याच सुमाराला त्याच दादरमधल्या दुसऱ्या गाडीवाल्याचं पण नाव घेतलं जातं. म्हणून वडापाव कमी मराठी होतो का? कोणी सांगून तर बघा मला.

आणि रोलमधल्या खेकड्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉस एंजेलिसमध्ये सुरुवातीला खरा किंग क्रॅब वापरायचे, पण आज जगात बहुतेक ठिकाणी त्यात घालतात ती क्रॅब स्टिक, म्हणजे माशाचं मांस धुऊन, कुटून, खेकड्याची चव आणि लाल रंग लावून केलेली कांडी. तो लगदा म्हणजे सुरीमी. ही कांडी सत्तरच्या दशकात जपानमध्ये निघाली आणि पहिली कोणाची यावर तिथल्या दोन कंपन्यांचा वाद आहे, म्हणजे वादाच्या पोटात वाद. पण सुरीमी आज कुठे होते? आपल्या रत्नागिरीत. राणी मासा, जो कोकणातल्या बाजारात कधी भाव खात नाही, त्याची सुरीमी तिथल्या गद्रे कंपनीत होते, क्रॅब स्टिक पण होतात आणि जगभर जातात. माझी आत्या रत्नागिरीची, तिला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं राणी आम्ही फक्त तळून खायचो. तेव्हा त्या डिसेंबरच्या रात्री मी जो रोल वळत होते त्यात तांदूळ कॅलिफोर्नियाचा, नोरी जपानची आणि कांडीतला मासा कदाचित रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उतरलेला असेल.

काही जण म्हणतील, एवढं काय त्यात, रोल खा आणि गप्प बसा. मला हे मान्य नाही, कारण श्रेयाच्या मागे पैसा असतो, गिऱ्हाईक असतं, गावाला नाव मिळतं. ओसाकाच्या योशिआकी शिराइशी यांनी १९५८मध्ये फिरत्या पट्ट्यावरचं सुशीचं दुकान काढलं, ते यंत्र होतं म्हणून त्याचं पेटंट झालं, नाव आणि साल पक्कं राहिलं. रुडॉल्फ हासने १९३५मध्ये आपल्या झाडाचं पेटंट घेतलं, लोकांनी कलमं करून करून ते धाब्यावर बसवलं, त्या पोस्टमनच्या हातात फार पैसे आले नाहीत, पण निदान नाव तरी फळाला चिकटून राहिलं. शेफच्या हातची युक्ती अशी कुठेच नोंदली जात नाही, अमेरिकन कायद्यात नुसत्या साहित्याच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही, आणि मिळूही नये, नाहीतर उद्या थालीपीठावर कोणीतरी हक्क सांगेल. म्हणून नाव हीच काय ती त्यांची कमाई. आणि त्या नावांतही उतरंड आहेच, माशितांचं नाव पुढे येतं आणि इमाइझुमींचं बहुतेक ठिकाणी मागे, मदतनीस म्हणून. स्वयंपाकघरात ज्यांनी काम केलंय त्यांना माहितीये की नवीन काहीतरी जुळतं तेव्हा मुख्य शेफ आणि मदतनीस यांच्यातली रेघ किती पुसट असते, एकाने म्हटलेलं असतं की याला तोरोसारखं लुसलुशीत काहीतरी हवं आणि दुसऱ्याने फळ कापून पुढे केलेलं असतं.

माझी मागणी सोपी आहे. लिटिल टोकियोमध्ये जपानी-अमेरिकन लोकांच्या इतिहासाचं राष्ट्रीय म्युझियम आहे, छावण्यांमधल्या वस्तू, पत्रं, फोटो त्यांनी फार मायेने जपलेत. तसंच एक आवाहन जुन्या सुशी बारच्या कुटुंबांना करावं आणि व्हँकूव्हरमध्येही कोणीतरी करावं, घरातल्या पेट्या उघडा, साठ-सत्तरच्या दशकातली मेनूकार्डं, अ‍ॅव्होकाडो-खेकड्याच्या खरेदीची बिलं, काउंटरमागचे फोटो असतील तर द्या, आणि जे म्हातारे शेफ, वाढपी, भांडी घासणारे हयात आहेत त्यांना बोलतं करा. नाकामाची बाई एकट्या एवढं करू शकल्या तर दोन शहरांना का जमू नये. तोवर माशिता, इमाइझुमी, सेउसा, तोजो ही चारही नावं एका ओळीत लिहावीत, चौघांच्या गोष्टी चौघांच्याच म्हणून सांगाव्यात.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो अजून तोजोंचाच आहे, पण इमाइझुमी हे नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि त्याने मला स्पेलिंग विचारून घेतलं.